खिशातला विस्तव

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मुळशी तालुक्यातून कोकणात उतरणारा ताम्हिणी घाट पावसासाठी प्रसिद्ध आहे. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस तिथं नेहमीचाच. अशा पावसात, रात्रीच्या वेळी, धुक्यात, एखाद्या जीपचा पुढचा दिवा लुकलुकू लागला तर कारण बहुतेक वेळा बल्बमध्ये नसतं. ते असतं तारेच्या एखाद्या जोडात. कुणीतरी कधीतरी दोन तारा पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असते. टेपमध्ये पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं आणि जोड विजेला अडवू लागतो.

हे अडवणं किती महागात पडतं याचा साधा हिशेब मांडता येतो. बारा व्होल्टच्या गाडीतला पंचावन्न वॅटचा दिवा साधारण साडेचार अँपिअर वीज घेतो. जोडाचा अडथळा फक्त एक दशांश ओहम धरा. मग त्या काडेपेटीच्या गुलाएवढ्या जागेत दोन वॅटच्या आसपास उष्णता सतत तयार होत राहते, तीही टेपच्या गुंडाळीत, हवा न लागता. टेप मऊ होते, सुटते, तार उघडी पडते. पुढं गाडीच्या लोखंडी अंगाला तार लागली आणि फ्यूजच्या जागी कुणी तारेचा तुकडा अडकवलेला असला, तर गाडी पेटायला वेळ लागत नाही. पेटली नाही तरी उजेड जातोच. दिव्यापर्यंत पोचणारा दाब दहा टक्क्यांनी उतरला की उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. घाटातल्या वळणावर हे तीस टक्के म्हणजे काय, ते चालवणाऱ्याला विचारावं.

तेव्हा जोड पक्का हवा. पक्का करण्याचा जुना मार्ग म्हणजे झाळणं, गॅरेजच्या भाषेत सोल्डरिंग. त्यासाठी उष्णता लागते, आणि नेमकी तीच रस्त्यावर नसते. भिंत नाही, प्लग नाही, वीज नाही. म्हणून आज बाजारात बिनतारी सोल्डरिंगची हत्यारं मिळतात. कुणी गॅसवर चालतं, कुणी सेलवर, कुणी गाडीच्याच बॅटरीवर. यातलं कोणतं घ्यावं, असं तरुण मिस्त्री विचारतात. त्याचं उत्तर किमतीच्या तक्त्यात शोधण्यापेक्षा या हत्यारांच्या इतिहासात शोधलेलं बरं, कारण प्रत्येक हत्याराचा स्वभाव ते कुठून आलं यावरून कळतो.

विस्तव बरोबर घेऊन हिंडणारा पहिला कारागीर आपल्या दारातच होता. कल्हईवाला. अंगणात खड्डा, त्यात कोळसे, चामड्याचा भाता. भांडं तापलं की नवसागराची चिमूट, कथलाची कांडी आणि कापसाचा बोळा. पांढरा धूर निघे आणि काळवंडलेलं पातेलं बघता बघता चांदीसारखं होई. आम्हा मुलांना ती जादू वाटे. पण त्यात झाळकामाचे सगळे नियम आहेत. धातू स्वच्छ हवा. त्याच्यावरचा गंज खाणारं काहीतरी हवं, ते काम नवसागर करी. आणि कथील कांडीच्या नव्हे, भांड्याच्या उष्णतेनं वितळायला हवं. हा तिसरा नियम आजही नव्व्याण्णव टक्के कच्च्या जोडांचं कारण सांगतो (टक्केवारी माझ्या अंदाजाची, हिशेबाची नव्हे). मिस्त्री सोल्डरची तार हत्याराच्या टोकावर वितळवतो आणि थेंब गार तारेवर टाकतो. थेंब चिकटल्यासारखा दिसतो, पण तो नुसता बसलेला असतो. धरत नाही.

पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या होतं. कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ अंशांना. दोन्ही योग्य प्रमाणात एकत्र केली की मिश्रण १८३ अंशांनाच वितळतं, दोघांपेक्षाही कमी. निसर्गाची ही गंमत जगभरच्या कारागिरांना थर्मामीटर निघण्यापूर्वी कितीतरी शतकं ठाऊक होती. रोमन लोक शिशाचे नळ याच मिश्रणानं जोडत.

तारेचा जोड मात्र नवा विषय. तो आपल्याकडे आला तारखात्याबरोबर. १८५५च्या फेब्रुवारीत हिंदुस्थानात तारसेवा सर्वसामान्यांना खुली झाली. २०१३च्या जुलैत ती बंद झाली. या दीडशेहून अधिक वर्षांत डोंगरदऱ्यांतून खांबांवरच्या तारा सांभाळणारा लाइनमन हा खरा पहिला बिनतारी सोल्डरवाला. दोन तारांची टोकं शेजारी शेजारी ठेवायची, बारीक तारेनं घट्ट आवळायची आणि मग वरून झाळायची. याला ब्रिटानिया जोड म्हणत. अमेरिकेतल्या वेस्टर्न युनियन या तारकंपनीच्या नावाचा दुसरा एक जोड आहे. त्यात दोन्ही तारा एकमेकींभोवती गुंडाळतात. नावं निराळी, पण शहाणपण एकच: ताण पिळानं सोसायचा, झाळीनं नव्हे. झाळ फक्त हवा-पाणी बाहेर ठेवते आणि विजेला वाट देते. गाडीच्या वायरिंगमध्ये आजही हाच पिळ घालावा.

लाइनमनजवळ कोळशाची छोटी शेगडी आणि दांड्याला लावलेला तांब्याचा ठोकळा असे. ठोकळा तापवायचा, धावत जाऊन जोडाला टेकवायचा, गार झाला की परत शेगडीत. तांबंच का? तर ते उष्णता भरभरून घेतं आणि तितक्याच उदारपणे देतं. वारा सुटला की हा सगळा खेळ अवघड होई. १८८२ साली स्वीडनमध्ये कार्ल रिचर्ड नायबर्ग यांनी ब्लो लॅम्प काढला आणि फुंकर मारणारी ज्वाळा हातात आली. त्याच देशात १८९२ साली लिंडक्विस्ट यांनी प्रायमस स्टोव्ह बनवला. तो आपल्या स्वयंपाकघरात आला, आणि स्वयंपाकघरातून गॅरेजमध्येही गेला. स्टोव्हवर तांब्याचा ठोकळा तापवून रेडिएटरला डाग देणारे मिस्त्री माझ्या पिढीनं पाहिलेत. पंप मारल्याचा तो आवाज आणि रॉकेलचा वास अजून आठवतो.

आता १९२१ सालाकडे येऊ. त्या वर्षी बर्लिनमध्ये अर्न्स्ट सॅक्स यांनी विजेवर तापणाऱ्या सोल्डरिंग आयर्नचं पेटंट घेतलं आणि एर्सा ही कंपनी सुरू केली. कारखान्यात घाऊक प्रमाणावर बनलेलं हे पहिलं विजेचं आयर्न मानलं जातं. शेगडी गेली, धावाधाव गेली. ठोकळा जोडापाशीच तापलेला राहू लागला, मात्र त्याला दोरीनं भिंतीशी बांधावं लागलं.

त्याच १९२१ सालात १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचे मावळे शेतकरी धरणाच्या बांधावर जाऊन बसले. टाटांच्या वीज कंपनीला मुळा आणि निळा या नद्यांचं पाणी अडवून मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायची होती. खोपोलीचं वीजघर १९१५ सालीच सुरू झालं होतं, भिवपुरीचं १९२२ साली होणार होतं, आणि मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडायचं होतं. बुडणार होती बावन्न गावं आणि मावळातली उत्तम भातखाचरं. 'जान किंवा जमीन' ही घोषणा तेव्हाची. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातूनच सेनापती झाले. विनायकराव भुस्कुट्यांनी गावोगाव हिंडून लोक उभे केले. पुण्यातले पुढारी आले, पुढं मोबदल्याच्या प्रश्नावर फाटाफूट झाली, आणि १९२४च्या अखेरीस बापट तुरुंगात गेल्यावर लढा संपला. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा इतिहास लिहिला आणि जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हणून त्याची नोंद केली.

१९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. पाणी मुळशीचं, यंत्रं भिऱ्याला, दिवे मुंबईत. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत वीज नेण्याचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं ते राज्य वीज मंडळ आल्यावर, म्हणजे १९६० नंतर. मधल्या तीसपस्तीस वर्षांत बर्लिनचं ते विजेचं आयर्न मुंबईतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत पोचलं असेल. ज्यांच्या शेतावरचं पाणी ती वीज तयार करत होतं, त्यांच्या वाड्यावस्त्यांवर ते कुठं खुपसणार? तिथं शेगडीच खरी होती. नव्या हत्यारांचा इतिहास सांगताना त्यांचा प्लग कुठं होता हेही सांगायला हवं असं मला वाटतं, आणि पुस्तकांतून ते सहसा गाळलं जातं.

रस्त्यांवर मात्र वीज वेगळ्या वाटेनं आली. चाकांवर. अमेरिकेत १९१२ साली चार्ल्स केटरिंग यांच्या विजेच्या स्टार्टरसह कॅडिलॅक गाडी विक्रीला आली आणि हँडल मारण्याचे दिवस मावळू लागले. स्टार्टर आला म्हणजे बॅटरी आली, डायनामो आला, तारांचं जाळं आलं. दुसऱ्या महायुद्धातली जीप सहा व्होल्टची होती. महिंद्रांनी १९४९ साली माझगावला जीप जोडायला सुरुवात केली आणि लवकरच मावळातल्या कच्च्या रस्त्यांना तिची सवय झाली. सहा व्होल्ट हा काही बारीक तपशील नाही. तेवढ्याच वॅटच्या दिव्याला सहा व्होल्टवर दुप्पट अँपिअर लागतात आणि खराब जोड चौपट तापतो. जुने मिस्त्री जोडाबद्दल एवढे काटेकोर का होते ते यावरून समजावं. बारा व्होल्ट आले आणि हात थोडे सैल झाले.

अमेरिकेत कार्ल वेलर यांनी १९४१ साली सोल्डरिंग गनसाठी अर्ज केला. पेटंट मिळालं १९४६ साली. घोडा दाबला की काही सेकंदांत तापणारी ही गन रेडिओवाल्यांना फार आवडली, पण तीही भिंतीलाच बांधलेली. मोटारवाल्यांनी स्वतःचा तोडगा काढला: बारा व्होल्टचं आयर्न, लांब वायर आणि दोन क्रोकोडाइल क्लिपा. गाडीच्या बॅटरीला लावा आणि काम करा. चाळीस वॅटचं आयर्न सव्वातीन अँपिअर घेतं. बॅटरीला ते काहीच नाही.

यात एक मेख आहे. वायरिंगला हात लावण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी, हा पहिला धडा. आता आयर्नच त्या बॅटरीवर चालत असेल तर? क्लिपा थेट बॅटरीच्या टोकांना लावून गाडीची वायर मोकळी ठेवता येते, पण घाईत तसं कोण करतं! वायर लागलेलीच राहते. शिवाय काही स्वस्त आयर्नांत बिट आतून निगेटिव्हला जोडलेली असते. ती जिवंत तारेला टेकली की ठिणगी. त्यामुळे हे आयर्न घ्यायचंच तर मोटारसायकलची एखादी जुनी पण चालू बॅटरी वेगळी बाळगावी आणि त्यावर ते चालवावं. कमी खर्चाचा आणि दणकट मार्ग हाच आहे, फक्त वजन उचलायची तयारी हवी.

खरं बिनतारी हत्यार आलं १९७०च्या दशकात. केस कापायची यंत्रं बनवणाऱ्या वाल या अमेरिकी कंपनीनं निकेल-कॅडमियम सेलवरचं आयसो-टिप आयर्न बाजारात आणलं. बारीक कामाला छान, जाड तारेला दुबळं. तांब्याची जाड तार उष्णता दोन्ही बाजूंनी पळवते. आयर्न जेवढं देतं त्याहून तार जास्त नेत असेल तर जोड कधीच तापत नाही, आणि मिस्त्री वैतागून आयर्न दाबत बसतो. तेवढ्या वेळात तारेवरचं प्लॅस्टिक वितळलेलं असतं.

यानंतर गॅसवरची हत्यारं आली, आणि त्यांची गोष्ट थेट खाणीतून सुरू होते. खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा बनवणारे हंफ्री डेव्ही १८१७ साली प्रयोग करत होते. कोळशाचा वायू आणि हवा यांच्या मिश्रणात त्यांनी प्लॅटिनमची गरम तार धरली. ज्वाळा नसताना तार लालबुंद होऊन चमकत राहिली. गॅस जळत होता, पण न पेटता. पुढं बर्झेलियस यांनी १८३५ साली अशा क्रियांना कॅटलिसिस हे नाव दिलं. १९८०च्या दशकात आयर्लंडमधल्या कार्लो गावच्या ऑगल्सबी अँड बटलर कंपनीनं हा गुण जाडसर पेनाएवढ्या हत्यारात बसवला. पोर्टासोल हे त्याचं नाव. पोटात लायटरचा ब्यूटेन गॅस, टोकाशी प्लॅटिनमची जाळी. एकदा भरलं की अर्ध्या तासापासून तास-दीड तासापर्यंत चालतं. लायटरच्या गॅसची बाटली पानाच्या टपरीवरही मिळते. कल्हईवाल्याचा विस्तव खिशात आला तो असा.

रस्त्यावरच्या कामाला हे हत्यार मला मनापासून आवडतं, कारण त्याची ताकद चांगली असते आणि चार्जिंगची भानगड नसते. पण त्याचे दोन दोष विक्रेता सांगत नाही. एक म्हणजे त्याच्या बाजूच्या भोकातून जळलेला गरम वायू बाहेर पडतो. डॅशबोर्डखाली वायरींच्या जुडग्यात तुम्ही एक तार झाळत असता आणि शेजारच्या तीन तारांची कातडी त्या भोकासमोर भाजत असते. दुसरा दोष गंभीर आहे. पेटवताना क्षणभर ज्वाळा लागतेच. कार्ब्युरेटर झिरपतोय, पेट्रोलचा वास येतोय किंवा बॅटरी नुकतीच चार्जिंगवरून काढलीय आणि तिच्यातून हायड्रोजन निघतोय, अशा वेळी बॉनेटखाली हे पेटवणं म्हणजे मरणाला आवतण. गाडीपासून दूर पेटवावं, पेट्रोलचा वास असेल तर अजिबात वापरू नये. तसं तापलेलं कोणतंही आयर्न पेट्रोलच्या वाफेजवळ वाईटच.

२००४ च्या सुमारास कोल्डहीट नावाचं एक हत्यार अमेरिकी टीव्हीवरच्या जाहिरातींतून गाजलं. चार पेन्सिल सेल, आणि टोकाला मधून चिरलेली बिट. दोन भागांच्या मध्ये धातू आला की त्यातून वीज वाहून उष्णता तयार होई आणि उचललं की लगेच गार. ऐकायला फारच सुरेख. पण ती वीज जोडातूनच जाते, आणि आजच्या गाडीत त्या जोडाच्या पलीकडं इंजिनचा संगणक बसलेला असू शकतो. त्याच्या अंगावर भलतीकडून वीज सोडणं शहाणपणाचं नाही. अशी हत्यारं अजून कुठं दिसली तर खेळण्यापुरती ठेवावीत.

सोनीनं १९९१ साली लिथियम-आयन सेल बाजारात आणला आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत चित्र पालटलं. आजच्या चांगल्या आयर्नमध्ये तापवणारी गुंडाळी आणि तापमान मोजणारं साधन बिटच्या आतच असतं. बिट उष्णता गमावू लागली की ते लगेच जास्त वीज ओढतं आणि ठरवलेलं तापमान धरून ठेवतं. ड्रिल मशीनच्या बॅटरीवर किंवा बारा ते चोवीस व्होल्टच्या कुठल्याही पुरवठ्यावर साठ वॅटपर्यंत ताकद देणारी अशी आयर्न आता मिळतात. पेनाच्या आकाराची, आत एकच बारका सेल असलेली आठ-दहा वॅटचीही मिळतात. दिसतात सारखीच. घेताना वॅट वाचावेत, चकाकी पाहू नये. इंडिकेटरच्या बारीक तारेला दहा वॅट एखाद वेळी पुरतील, हेडलाइटच्या तारेला नाही. युरोपात १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंत बिनशिशाचं सोल्डर आलं. ते २१७ अंशांच्या पुढं वितळतं. ते वापरायचं तर आणखी जोर हवा.

जुन्या मिस्त्रींना इथं एक सवय मोडावी लागते. तांब्याची उघडी बिट कथलात विरघळून खडबडीत होई, म्हणून ते तिला कानस मारत. नव्या बिटवर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. कानस मारली की मुलामा गेला आणि बिट आठवड्यात संपली. ओल्या स्पंजानं पुसावी, वर सोल्डरचा थर ठेवावा, बस.

एवढं सारं झाल्यावर तुम्ही म्हणाल, गाडी बनवणारे कारखाने काय करतात? ते मुख्य वायरिंगमध्ये सहसा झाळतच नाहीत. आजच्या मोटारीत किलोमीटरच्या वर तार असते आणि तिची टोकं थिंबलमध्ये दाबून बसवलेली असतात. या क्रिम्पिंगचा मोठा प्रसार १९४१ साली अमेरिकेत निघालेल्या एएमपी कंपनीनं केला, विमानांसाठी आणि जहाजांसाठी. कारण आहे थरथर. झाळताना सोल्डर तारेच्या बारीक धाग्यांमधून वर चढतं, दिव्यातलं तेल वातीत चढतं तसं. जिथवर चढलं तिथवर तार काडीसारखी ताठ होते आणि ताठ भाग संपतो तिथं, हादऱ्यांनी, धागे एकेक करून तुटतात. ताम्हिणीच्या खड्ड्यांतून रोज जाणाऱ्या वडापच्या जीपला हे लवकर कळतं.

म्हणून माझं मत असं आहे. थिंबल आणि चांगली रॅचेटची क्रिम्पिंग पक्कड हाताशी असेल तर टोकांना क्रिम्पच करावं. बॅटरीची जाड केबल तर नेहमीच. साध्या पकडीनं चेपलेलं थिंबल मात्र क्रिम्प नव्हे. त्यापेक्षा नीट झाळलेला जोड शंभरदा बरा. मधेच तुटलेली तार जोडायची असेल, जागा अडचणीची असेल, किंवा जुन्या गाडीचा भाग मिळतच नसेल, तिथं झाळावं. गॅरेजमध्ये बसून काम असेल तर बॅटरीवरचं, तापमान राखणारं आयर्न घ्यावं. घाटात गाडीपाशी जाऊन काम करणाऱ्यानं गॅसचं घ्यावं आणि त्याच्या भोकाचं तोंड कुठं आहे याकडं लक्ष ठेवावं.

आयर्न कोणतंही असो, पत्र्याच्या कामाचं ॲसिड तारेला लावू नये. पत्र्याला ते चालतं, कारण पत्रा नंतर धुता येतो. तारेच्या धाग्यांत शिरलेलं ॲसिड तिथंच बसून तांबं खातं. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसंच ते. पोटात राळ असलेली सोल्डर तारच वापरावी. राळेचा धूर छातीला बाधतो, दमाही होतो, तेव्हा नाक बाजूला ठेवावं. शिसं मात्र धुरातून फारसं जात नाही, ते बोटांवरून तोंडात जातं. दिवसभर सोल्डर हाताळायचं आणि त्याच तळहातावर तंबाखू मळून दाढेखाली धरायची, ही आपल्या गॅरेजांतली रीत शिशाला पोटात जायची सर्वांत सोपी वाट आहे. साबणानं हात धुवायला एक मिनिट लागतं.

जोड गार झाला की त्याला हातानं ओढून पाहावं. मग आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह त्यावर सरकवून तापवावी. ती तार जोडण्यापूर्वीच ओवून ठेवायची असते, हे बहुतेकांना जोड झाल्यावर आठवतं. जोडाच्या दोन्ही बाजूंना तार जुडग्याशी बांधून टाकावी म्हणजे ती हलत नाही. आणि निगेटिव्ह वायर बॅटरीला लावायची ती सगळ्यांत शेवटी.